उत्तरपत्रिका कोणी तपासायची?

आम्हां मास्तरांचा एक साधा दंडक आहे: परीक्षार्थीने स्वतःची उत्तरपत्रिका तपासायची नसते. जपानला हा दंडक फार महागात पडून पटला. मार्च २०११ मध्ये त्सुनामीने फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राची वाताहत केली, तेव्हा देखरेख करणारी संस्था अणुविजेचा पुरस्कार करणाऱ्या खात्याच्याच पदरी होती. २०१२ मध्ये ती मोडून स्वतंत्र नियामक मंडळ आले.

तेथे साठलेले दूषित पाणी शुद्ध करून २४ ऑगस्ट २०२३ पासून टप्प्याटप्प्याने समुद्रात सोडले जाऊ लागले. बहुतेक किरणोत्सर्गी द्रव्ये गाळता येतात. ट्रिटियम मात्र हायड्रोजनचाच भाऊबंद. तो पाण्याच्या रेणूतच ठाण मांडतो, गाळणीला दाद देत नाही. म्हणून समुद्राचे पाणी मिसळून त्याचे प्रमाण लिटरमागे १,५०० बेकरेलच्या आत आणायचे. जपानी कायद्याची मर्यादा ६०,००० ची! कंपनी मोजते, शिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही पडताळून पाहते.

तरीही चीनने त्याच दिवशी जपानी मासळीची आयात बंद केली. वाचकहो, गुण एका दिवसात देता येतात. परीक्षकावरचा विश्वास एकदा उडाला, की तो परत मिळवायला वर्षे लागतात. आणि तोवर झळ सोसतो तो किनाऱ्यावरचा कोळी.