कुंडलिका कुठल्या शून्यापासून मोजायची?

पावसाळा लागला की रायगडच्या बातम्यांत रोज एक तक्ता येतो. सावित्रीची महाडची धोका पातळी 6.50 मीटर, अंबेची नागोठण्याची 9 मीटर आणि कुंडलिकेची डोलवहाळ बंधाऱ्याची 23.95 मीटर. रेवदंड्याच्या एका वाचकाने त्यावरून विचारलं आहे, कुंडलिका काय सावित्रीच्या चौपट खोल आहे? हा वाचक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. त्याने उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या उंच्या घेऊन कुंडलिकेचं प्रारूप संगणकावर उभं केलं. त्यात भर एप्रिलमध्ये खाडीकाठची खारी शेतं बुडाली, चौल-रेवदंड्याच्या वाड्या मात्र टेकडीवर असाव्यात तशा कोरड्या राहिल्या, आणि साळावच्या पुलापाशी नदी धरणासारखी तुंबली. "सूत्र चुकलं की मी?" असा त्याचा दुसरा प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तक्त्यातले आकडे ही पाण्याची खोली नव्हे, एका ठरवलेल्या शून्यापासूनची उंची आहे. डोलवहाळ रोह्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीकडे. तिथे नदीचा तळच उंचावर आहे. महाड खाडीच्या टप्प्यात येतं.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची किल्लीही त्याच शून्यात आहे. पाण्याच्या वाहण्याची समीकरणं सां-व्हनां या फ्रेंच अभियंत्याने 1871 मध्ये मांडली. हेक-राससारखी प्रणाली (अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची, 1995 पासून, आणि फुकट) आजही तीच सोडवते. दीडशे वर्षं टिकलेलं सूत्र रेवदंड्यालाच दगा देईल, हे संभवत नाही. दगा देतात त्याला पुरवलेल्या उंच्या.

आपल्या जमिनीच्या नकाशांचं शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी. कराचीपासून ओडिशाच्या फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी जुळवून ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने 1909 च्या सुमारास ते देशभर पक्कं केलं. मुंबईचं अपोलो बंदर त्या नऊ बंदरांत होतं. दर्यावर्दींच्या नकाशाचं शून्य वेगळं असतं. तांडेलाला सरासरीशी कर्तव्य नाही. पाणी अगदी उतरलं तरी होडीखाली किती उरेल, हे त्याला हवं. म्हणून ते शून्य नीचतम ओहोटीच्या आसपास धरतात. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. खाडीची खोली सागरी नकाशातून आणि काठाची उंची जमिनीच्या नकाशातून घेऊन दोन्ही तशीच चिकटवली, की खाडीचा तळ अडीच मीटर वर येतो. मग साध्या भरतीलाही पाणी काठ ओलांडू शकतं.

तिसरं शून्य तर गमतीदार आहे. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गुळगुळीत, गणिती अंडाकृतीपासून. खरा समुद्र तसा गुळगुळीत नाही. गुरुत्वाकर्षण जिथे किंचित कमी, तिथे तो खोलगट बसतो. जगातला असा सर्वांत मोठा खळगा हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, शंभर मीटरहून खोल. कोकण किनारा त्याच्या उतारावर येतो. त्यामुळे दुरुस्ती न लावलेलं जीपीएस रेवदंड्याच्या वाळूत धरलं, तर ते तुम्हाला समुद्राखाली साठ मीटरहून जास्त खोल उभं असल्याचं सांगेल.

आता वाड्यांकडे. त्या फुकटच्या उंच्या बहुधा फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेल्या असतात. काम अचाट, पण ते रडार नारळी-पोफळीच्या शेंड्यांना आणि कांदळवनाच्या माथ्याला जमीन समजलं. म्हणून वाड्या 'उंच' झाल्या. उलट खारबंदिस्तीचे बांध जेमतेम दोन-चार मीटर रुंद. तीस मीटरच्या चौकोनाची सरासरी काढताना बांध विरघळून जातो आणि त्याच्याबरोबर उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दारही. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या उधाणाबाहेर राखलेली जमीन संगणक एका क्षणात समुद्राला देऊन टाकतो. बांधाच्या माथ्याची रेघ प्रारूपाच्या जाळीत हाताने आखावी लागते, त्याला इलाज नाही. पुलाचंही तसंच: वरून पाहणाऱ्याला पुलाचा रस्ता म्हणजे पात्रात आडवी घातलेली भिंत. रस्ता उंचीच्या नकाशातून कापायचा, खांब वेगळे द्यायचे.

2019 मध्ये 2050 साली मुंबई बुडाल्याचे निळे नकाशे वर्तमानपत्रांत झळकले होते. त्यामागचा कल्प आणि स्ट्राऊस यांचा शोधनिबंध नेमका याच रडारदोषावर होता, आणि तो चांगला होता. पण नकाशात बांध, उघाड्या, पाण्याचा प्रवाह काहीच नव्हतं. ठरावीक पातळीखालची सगळी जमीन निळी. बातम्यांनी ती सरसकट जलसमाधी करून टाकली.

प्रारूप नीट येत नाही तेव्हा बरेच जण जमीन तपासायचं सोडून मॅनिंगचा 'एन' फिरवतात. पात्राचा खडबडीतपणा सांगणारा हा आकडा: स्वच्छ पात्राला 0.03 च्या आसपास, दाट झाडोऱ्याला 0.1 किंवा अधिक. तो वाढवला की पाणी चढतं, घटवला की उतरतं. हवं ते उत्तर मिळतं. खारट झालेल्या आमटीत गूळ घालण्यातला हा प्रकार. चव झाकली जाते, मीठ तिथेच राहतं.

बिचाऱ्या मॅनिंगचा यात दोष नाही. रॉबर्ट मॅनिंग हा आयरिश माणूस मूळचा हिशेबनीस. अभियांत्रिकी शाळेत न जाता शिकला आणि आयर्लंडच्या बांधकाम खात्याचा मुख्य अभियंता झाला. 1889 मध्ये त्याने डब्लिनला हे सूत्र मांडलं आणि स्वतःच नापसंत केलं, कारण त्यात घनमूळ काढावं लागे आणि एककं जुळत नसत. त्याऐवजी त्याने दुसरं सूत्र सुचवलं. जगाने ते विसरून त्याने टाकून दिलेलंच उचललं! त्यातही हे सूत्र फ्रान्सच्या गोक्लेने 1867 मध्येच दिलं होतं, आणि 'एन' तर गांगिये व कुटर या स्विस जोडीचा, 1869 चा. गोक्लेचं नाव आपल्याकडच्या किती पाठ्यपुस्तकांत सापडतं?

कुंडलिकेची स्वतःची एक खोडही आहे. संगणकाला उंचीचा नकाशा देऊन पाणलोट आखायला सांगितलं, तर तो सह्याद्रीच्या धारेवर थांबेल. पण भिऱ्याच्या वीजघरातून या नदीत मुळशी धरणाचं पाणी येतं. ते मुळेचं, म्हणजे खरं तर भीमेवाटे कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. म्हणूनच कोलाडला पाऊस नसतानाही तराफे चालतात. हे पाणी कुठल्याही उंचीच्या नकाशात दिसणार नाही. ते वीजघराच्या वेळापत्रकातून मागावं लागतं. आणि खालच्या टोकाला, रेवदंड्याच्या मुखाशी, नदीचा उतार देऊन चालत नाही, भरतीचं कोष्टक द्यावं लागतं. उधाण आणि पूर एकत्र आले की नदीला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रा, पुराच्या मागे लागण्याआधी पाऊस शून्य ठेव आणि एक अमावास्येचं उधाण तेवढं चालवून बघ. बांध शाबूत असताना खारात पाणी शिरलं, तर 'एन'ला हात लावू नकोस. शून्य, बांध आणि पूल या क्रमाने तपास. आणि रोहा-अष्टमीपासून रेवदंड्यापर्यंतच्या घरमालकांना एक विनंती: यंदा पाणी भिंतीला लागलं, तर तिथे रंगाने रेघ मारा आणि बाजूला तारीख, वेळ, तिथी लिहून ठेवा. प्रारूप खरं की खोटं, हे शेवटी त्या रेघेवरूनच ठरतं.