शनिवार तेल्यांची शाळा

धर्मग्रंथ हाताशी नाही, तो समजावून सांगणारा कुणी नाही, ग्रंथाची भाषाही विसरलेली. असा धर्म किती पिढ्या टिकेल? कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने तो शतकानुशतकं टिकवला.

या समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. किहीम, पेण, रोहे अशा गावांवरून त्यांना केहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं मिळाली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर हा धर्म तगून राहिला.

पुढची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. मुंबईत 1796 मध्ये त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं राहिलं. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी त्या विसरलेल्या हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. त्यांना या लोकांना ख्रिस्ताकडे वळवायचं होतं. बेने इस्रायलांनी मात्र शिकलेली हिब्रू आपलाच ग्रंथ वाचायला वापरली. पुण्यात 1874 मध्ये वल्हांडण (पासोव्हर) सणाची हिब्रू-मराठी पोथी छापली गेली. तिच्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत!

पण पोथी छापली, तरी ती वाचणारी पिढी घडवावी लागते. ते काम हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी अंगावर घेतलं. 1875 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. इंग्रजी, गणित यांच्या जोडीने हिब्रूही तिथे शिकवली जाई. या मांडणीतलं शहाणपण बघा. धर्माचं शिक्षण संध्याकाळच्या फावल्या वेळेवर सोडलं, की मुलाला ते दुय्यम वाटतं. तेच भूगोलाच्या तासानंतर, त्याच बाकावर मिळालं, की शिकलेला माणूस आणि श्रद्धावान माणूस वेगळे असतात असं त्याच्या मनातही येत नाही.

रिबेका रूबेन यांच्याकडे पाहावं. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत 1905 साली त्या पहिल्या आल्या. तो मान मिळवणारी ती पहिली मुलगी. पुढे 1922 पासून 1950 पर्यंत त्या याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याच काळात, बगदादमध्ये जन्मलेले आणि हाँगकाँग-शांघायमध्ये व्यापार करणारे दानशूर एली कदूरी यांचं नाव शाळेला मिळालं. माझगावची ‘सर एली कदूरी’ ती हीच.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. जाताना मराठीही घेऊन गेली. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इथे उरलेल्यांपैकी अनेकजण आज ठाण्यात राहतात. मुलुंडचा चेकनाका ओलांडला, की थोड्याच अंतरावर त्यांचं 1879 चं सिनेगॉग आहे. आणि माझगावच्या शाळेत? तिथे आता बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. ज्यूंनी ज्यू मुलांसाठी काढलेली शाळा आज शेजाऱ्यांची मुलं शिकवते आहे.

अल्पसंख्याकांनी स्वतःची शाळा काढली, की मुलं समाजापासून तुटतील अशी शंका हल्ली सहज घेतली जाते. बेने इस्रायलांचा इतिहास नेमकं उलट सांगतो. स्वतःच्या शाळेमुळे ते अधिक ज्यू झाले, अधिक मुंबईकरही झाले, आणि मराठी राहिले. ज्याला आपलं मूळ नीट शिकवलेलं असतं, त्याला जगात मिसळायची भीती वाटत नाही.

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत आपल्या मुलांसाठी शाळा निवडताना निकालाचे टक्के जरूर बघा. पण ही शाळा मुलाला तो कुठून आला हे सांगेल का, तेही विचारा.