एका दिवसाचा भंडारदरा

जुलै महिना उजाडला की मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांत एक दिवसाच्या भंडारदरा सहलीच्या जाहिराती दिसू लागतात. पहाटे निघावयाचे, रात्री घरी परतावयाचे, आणि मधल्या वेळात धरण, दोन धबधबे, एक प्राचीन मंदिर, एक कडा व एक जेवण एवढे उरकावयाचे. सोबत माहिती सांगण्यास एक मनुष्य. ज्यांस रजा मिळत नाही, ज्यांच्या घरी वृद्ध माणसे वा शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांस ही सोय मोठी वाटते, आणि ती तशी आहेही. परंतु अशा सहलीहून परतलेल्या मंडळींस दुसऱ्या दिवशी ‘काय पाहिले?’ असे विचारले असता ‘पाणी पाहिले, धुके पाहिले’ यापलीकडे उत्तर सहसा येत नाही. हा दोष पाहणाऱ्यांचा नव्हे. भंडारदऱ्याचा प्रदेश एका दिवसात थोडाबहुत समजण्याजोगा आहे. मात्र त्या दिवसाचा हिशेब आधी मांडावा लागतो.

मुंबईपासून भंडारदरा सुमारे १८५ किलोमीटर आहे. नाशिकहून अंतर सत्तरच्या आसपास, म्हणून नाशिककरांस ही सहल सोपी. पुणेकरांस संगमनेर-अकोले या वाटेने मुंबईइतकाच वेळ लागतो. मुंबईहून मोठी बस कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी करीत, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडीस पोहोचते, तोपर्यंत न्याहारीची थांबणूक धरून साडेचार तास सहज जातात. तितकेच परत. धरणाच्या जलाशयास वळसा घालणारा रस्ता चाळीसएक किलोमीटरचा, अरुंद व वळणावळणाचा. त्यास चालत्या बसमध्ये दीड-दोन तास हवेत. म्हणजे पंधरा तासांच्या दिवसांतून जेवणाचा तास वगळला तर पायांवर उभे राहून पाहण्यास तीन तास उरतात. या तीन तासांत सात ठिकाणे बसवावयाची म्हटल्यास प्रत्येकास पंचवीस मिनिटे येतात, आणि त्यांतली दहा उतरण्या-चढण्यात जातात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि घाटातील वेळ वाचू लागला. हा वाचलेला वेळ जलाशयाकाठी घालवावा, हे सरळ. परंतु कार्यक्रमपत्रिकेत आठवे ठिकाण घालण्याचा मोह आयोजकांस आवरणे कठीण.

आयर्लंडमध्ये अशा सहलींची प्रथा पुष्कळ रुळलेली आहे. डब्लिन शहर त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, तर मोहरचे प्रसिद्ध कडे पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिक महासागरावर. सकाळी सातच्या सुमारास निघालेली बस सबंध देश आडवा ओलांडून कड्यांशी जाते व संध्याकाळी सातच्या सुमारास परतते. बारा तासांच्या दिवसात प्रत्यक्ष कड्यावर मिळतात ते दीड-दोन तासच. तरीही तो दिवस रिकामा जात नाही, कारण तेथे पुष्कळदा चालक हाच निवेदक असतो. तोंडाशी लहानसा ध्वनिक्षेपक लावून तो वाटेवरच्या दलदलीच्या जमिनी, १८४५ नंतरचा बटाट्याचा भयंकर दुष्काळ, ओस पडलेली गावे, दगडी कुंपणे यांविषयी बोलत राहतो, आणि रस्ता हाच पाहण्याचा विषय होतो. कसारा घाटात चालकाने गोष्टी सांगणे इष्ट नव्हे, हे उघड आहे. परंतु आपल्याकडे ते काम करण्यास वेगळा मनुष्य असतानाही जाण्याचे साडेचार तास गाण्याच्या भेंड्यांत आणि उडत्या चालीच्या संगीतात जातात, व माहितीस आरंभ होतो तो शेंडीस उतरल्यावर, जेव्हा कोणासच ऐकण्यास सवड नसते.

वाटेत सांगण्याजोगे काय थोडे आहे? घाट चढताना दिसणारा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा आहे; एकावर एक पसरलेले त्याचे थर डोंगराच्या अंगावर पायऱ्यांप्रमाणे स्पष्ट दिसतात. आयर्लंड बेटाच्या ईशान्येस जायंट्स कॉजवे नावाचा षट्कोनी दगडी खांबांचा किनारा आहे आणि जगभरचे लोक तो पाहण्यास बसमधून जातात. तोही याच जातीचा, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा पाषाण. मुलांस हे इगतपुरीच्या अलीकडे सांगितले, तर पुढचा सारा डोंगर ती निराळ्या नजरेने पाहतील. पुढे डाव्या-उजव्या हातास डोंगरांची शिखरे दिसू लागतात. त्यांतले कळसूबाई १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च. ते चढावयाचे असेल तर त्याच दिवशी दुसरे काही पाहता येणार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

धरणापाशी मात्र घाई करू नये. प्रवरा नदीवरील या दगडी भिंतीचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले आणि तत्कालीन मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव तीस मिळाले. उंची ८२ मीटर, म्हणजे २७० फूट. त्या काळी हिंदुस्थानात इतकी उंच धरणे विरळा होती. १९६९ साली भिंतीस तडे जाऊन गळती लागली, तेव्हा पायथ्याशी भक्कम टेकू बांधून ती सावरण्यात आली. आजही खालच्या अंगाने ते टेकू दिसतात. साठा सुमारे ११ अब्ज घनफूट, वर्तमानपत्रांच्या भाषेत ११ टीएमसी. हा आकडा ऐकून पुढे जाण्यासारखा नाही. हे पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यात आहे.

ते शेंडीच्या शेतात राहत नाही. नदीच्या पात्राने ते खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत पसरते. अवर्षणाच्या त्या मुलखात ऊस उभा राहिला तो या पाण्यावर. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला, सहकारी चळवळीचा आद्य मानला गेलेला साखर कारखाना आरंभी प्रवरेचेच नाव धारण करीत होता. त्याही पुढे, नेवाशास, याच नदीच्या काठी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि टोक्यापाशी प्रवरा गोदावरीस मिळते. मुंबईच्या घरी सकाळच्या चहात पडणारी साखर व देवघरात ठेवलेली पोथी या दोहोंचा संबंध असलेले पाणी पाहावयास आपण आलो आहोत, एवढे जरी मार्गदर्शकाने भिंतीजवळ उभे राहून सांगितले तरी पंधरा मिनिटांचे सार्थक होईल.

धबधब्यांचा प्रकार थोडा गमतीचा आहे. धरणाच्या पायथ्याशी वाटोळ्या कातळावरून पाणी चहूकडे सांडून उघडलेल्या छत्रीचा आकार घेते, म्हणून त्यास अंब्रेला धबधबा म्हणतात. हा निसर्गाचा चमत्कार समजून लोक छायाचित्रे घेतात. वस्तुतः धरणातून पाणी सोडले तरच तो अवतरतो, आणि चावी पाटबंधारे खात्याच्या हाती असते. दहा किलोमीटर खाली असलेला रंधा धबधबा हा खरा नदीचा, दीडशे फुटांहून खोल दरीत कोसळणारा. परंतु वीजनिर्मितीसाठी पाणी वळविण्यात आल्यापासून त्याचेही वैभव पावसाळ्यापुरतेच उरले आहे. डिसेंबरात आलेल्या मंडळींस कोरडा कातळ दाखवून ‘हा रंधा’ असे सांगावे लागते. पावसाळ्यात तो दिसतो तेव्हा भयंकर दिसतो, आणि कठड्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यास तेथे दुसरी संधी नसते. ज्या मार्गदर्शकास तेथे एकच वाक्य बोलावयाचे आहे, त्याने इतिहास सोडून तेच बोलावे.

जलाशयाच्या दुसऱ्या टोकास रतनवाडी. रतनगडाच्या कुशीतील या वाडीत अमृतेश्वराचे मंदिर आहे. ते शिलाहारकालीन मानले जाते. शिखराची घडण अंबरनाथच्या शिवालयाची आठवण करून देणारी, भिंतींवर कोरीव काम दाट, आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरून पिंडी बुडून जाते. जवळच देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करिणी आहे. बसमधील निम्मी मंडळी तिच्यापर्यंत जातच नाहीत, कारण मंदिरासमोरच भज्यांची कढई तापलेली असते! प्रवरेचा उगम याच डोंगरात. अगस्ती ऋषींच्या तपाने ही नदी भूतलावर आली अशी कथा खाली अकोल्यास सांगतात, म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणावयाचे. एकाच ठिकाणी तासभर थांबावयाचे ठरविले, तर ते ठिकाण रतनवाडी असावे.

तेथून साम्रदवरून घाटघर. (साम्रदची सांदण दरी ही अरुंद घळ आहे, पावसाळ्यात तिच्यात उतरणे म्हणजे मृत्यूशी खेळणे, म्हणून ती या सहलीत येत नाही.) घाटघरच्या कोकणकड्यावर जमीन एकाएकी संपते व खाली ठाणे जिल्ह्याचा मुलूख पसरतो. मोहरचे कडे समुद्रापासून २१४ मीटर उंच. घाटघरच्या विद्युत प्रकल्पात वरच्या तलावातून खालच्या तलावात पाणी पडते ते सुमारे ४०० मीटर. २००८ साली सुरू झालेल्या या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात, विजेची मागणी कमी असते त्या वेळी तेच पाणी पुन्हा वर चढविले जाते, ही गोष्ट मुलांस फार आवडते. या कड्यावरून समुद्र मात्र दिसत नाही. तो पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. पण जुलैत खालच्या दरीत ढग भरले म्हणजे समुद्रच वर आल्याचा भास होतो, आणि तो अगदीच खोटा नाही. अरबी समुद्रावरून निघालेले बाष्प या भिंतीशी अडते, वर चढते, थंड होते आणि येथेच रिते होते. घाटघरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याचे मुख्य शहर, जे २०२४ पासून अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते, तेथे सहाशे मिलिमीटरही कष्टाने पडतो. सगळा जिल्हा या एका कड्यावर उभे राहून उलगडतो; धुके असले तरी.

पण बसमधून न दिसणारी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इतका पाऊस अंगावर घेणाऱ्या या वाड्यांतील बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. कातळ उघडा, माती पातळ, उतार तीव्र. पडलेले पाणी थांबत नाही, आणि जे अडविले ते खाली जावयाचे असते. येथील लोक बहुतांशी महादेव कोळी व ठाकर; भात, नागली, वरई ही त्यांची पिके. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला बंडकरी राघोजी भांगरे याच डोंगरांतला, देवगावचा. धरणात बुडाल्या त्या या खोऱ्यातल्या जमिनी. पाणी गेले पूर्वेस. आणि आता शनिवार-रविवारी शहरांतून येणाऱ्या मोटारींच्या रांगा त्यांच्या एकमेव रस्त्यावर उभ्या राहतात. त्यांच्या वाट्यास येते ते भजी-चहाचे दुकान, तंबूची जागा, वाटाड्याचे काम. शहरातून नेलेला मार्गदर्शक पाठ केलेले आकडे सांगतो. रतनवाडीचा किंवा साम्रदचा मुलगा कोणत्या झाडास कोणता हिरडा, कोणत्या ओढ्यास पाणी केव्हा चढते, कोणता कातळ निसरडा, हे सांगू शकतो; शिवाय पैसा गावात राहतो. शेंडीस अशा वाटाड्यास बसमध्ये घेऊन वळसा पुरा झाल्यावर सोडणे मुळीच अवघड नाही. दुपारचे जेवण गावातील घरी सांगितले तर भाकरी, पिठले व इंद्रायणीचा वाफाळता भात मिळतो, फक्त चाळीस माणसांचे आदल्या दिवशी कळवावे लागते.

जून लागण्यापूर्वीचे काजवे हा एक निराळाच प्रकार. ते रात्री दिसतात, तेव्हा एक दिवसाच्या सहलीत ते बसत नाहीत, आणि बसविण्याचा प्रयत्नही करू नये. मोटारींच्या दिव्यांनी काजव्यांचा मेळ बिघडतो. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, हे रात्री धावणाऱ्या गाड्यांस कोणी तरी सांगावयास हवे.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकास दोन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष पायांवर किती वेळ मिळेल, आणि वाटाड्या कोठला. ठिकाणे किती, हा प्रश्न निरुपयोगी आहे; उत्तर नेहमीच मोठे येते. रतनवाडी, घाटघर व धरण एवढी तीनच घेतली तरी दिवस भरतो, वृद्धांस झेपतो, आणि रंधा परतीच्या उजेडात बसला तर बसला. ऋतू निवडता येत असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध धरावा. पाऊस उघडझाप करतो, धरण भरलेले असते, कड्यावरचे धुके दुपारपर्यंत विरते, आणि पठारांवर सोनकी पिवळी होऊन गेलेली असते. छत्रीचा धबधबा चालू असण्याचा संभवही याच सुमारास अधिक. शनिवार-रविवार टाळता आला तर वळशाच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या बसला वाट देण्यात जो अर्धा तास जातो, तोही वाचतो.