कवटी न उघडता उष्णतेची मोजदाद

काखेत धरलेला तापमापक सबंध देहाचा ताप सांगतो. परंतु मेंदूच्या गाभ्यातील तुरीच्या दाण्याएवढ्या जागेची उष्णता या क्षणी किती आहे, हे सुई न खुपसता जाणण्याचा उपाय वैद्यकापाशी दीर्घकाळ नव्हता. तो अखेर लाभला आपल्याच देहातील पाण्यामुळे. पाण्याचे रेणू हायड्रोजन-बंधांनी परस्परांशी जखडलेले असतात. उष्णता वाढली की हे बंध शिथिल होतात, हायड्रोजनच्या केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे आवरण किंचित अधिक प्रभावी होते, आणि एमआरआय यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात त्या केंद्रकाची जी नियत कंप्रता असते ती दर अंश सेल्सियसला सुमारे दहा कोटींवा हिस्सा उतरते. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही कंप्रता सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख आवर्तने असते. त्यात एका अंशाने पडणारा फरक पुरत्या एका आवर्तनाचाही नाही, आणि तरीही तो टिपता येतो, हे मला या विद्येचे खरे वैभव वाटते. पाण्याच्या या गुणधर्माची नोंद १९६६ साली झाली. तिच्या आधारे उष्णतेचे नकाशे काढण्याची रीत १९९५ च्या सुमारास सिद्ध झाली.

या नकाशांच्या आधारे चालणारा एक उपचार असा: हातांच्या अनावर कंपाने ज्याला पाण्याचा पेलाही ओठांशी नेता येत नाही, अशा रुग्णाच्या मस्तकाभोवती सुमारे हजार ध्वनिक्षेपकांचे शिरस्त्राण बसवून श्राव्यातीत लहरी मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस या भागातल्या एका बिंदूवर एकवटतात. रुग्ण जागा असतो. प्रथम ऊब पन्नास अंशांच्या आतच राखून त्याला कागदावर चक्राकार रेघ ओढावयास सांगतात. रेघ सुधारली, वाचा अडखळली नाही, बोटांना मुंग्या आल्या नाहीत, की मगच उष्णता ५५ ते ६० अंशांवर नेऊन ती जागा कायमची निकामी करतात, आणि तेवढा वेळ दर काही सेकंदांनी नवा नकाशा वैद्यापुढे उमटत राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास २०१६ मध्ये मंजुरी दिली.

मात्र या मोजणीची हद्द ओळखली पाहिजे. ती आधीच्या व नंतरच्या चित्रांतील केवळ फरक सांगते, म्हणून मस्तक चौकटीत जखडावे लागते. चरबीत तसले बंधच नसल्याने तेथून उत्तर येत नाही, आणि यकृत तर श्वासागणिक हलते. अशा अवयवांत ही मोजणी मेंदूइतकी भरवशाची नाही, आणि जेथे मोजणी भरवशाची नाही तेथे हा अग्नी अत्यंत जपूनच वापरला पाहिजे.