चीनच्या पंक्तीला शाकाहारी प्रवासी

व्यापारानिमित्त चीनला जाणें ही आतां आपल्या मध्यमवर्गीय घरांतहि नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. यंत्रांचे सुटे भाग करणारा पुण्याचा कारखानदार, इचलकरंजीचा कापडवाला, विजेच्या सामानाचा मुंबईचा घाऊक व्यापारी, अशा कोणाच्या ना कोणाच्या घरचें माणूस वर्षांतून एखादी फेरी तिकडे करून येतें. २०२० सालीं बंद पडलेली भारत-चीन थेट विमानवाहतूक ऑक्टोबर २०२५ मध्यें पुन्हां सुरू झाल्यापासून तर हा मार्ग अधिकच सुकर झाला आहे. परंतु बेत ठरला कीं घरांत दोन प्रश्न हटकून निघतात. वडील मंडळी विचारतात, "तेथें बोलणार कसा?" आणि आजी विचारते, "तेथें खाणार काय?" मग पहिल्या प्रश्नासाठीं दुभाष्याची तजवीज होते व दुसऱ्यासाठीं दशम्या, मेतकूट आणि चिवडा यांचे डबे भरले जातात. डबे अवश्य न्यावेत. पण ते चार दिवसांत संपतात, आणि दुभाषा जेवणाच्या वेळीं जवळ असतोच असें नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चीनमध्यें हे दोन्ही प्रश्न मुळांत एकच आहेत. योग्य शब्द सांपडला कीं ताटहि योग्य येतें. आणि तो शब्द आपल्या कोशांतून भाषांतर करून न आणतां यजमानाच्या कोशांतूनच उचलावा लागतो.

जुना व्यापार, जुनी अडचण

मुंबईचा चीनशीं व्यापार फार जुना आहे. सर जमशेटजी जीजीभाई हे चीनच्या पहिल्या सफरीवर निघाले तें १७९९ सालीं. त्यांच्या काळांत मुंबईहून कापूस व माळव्याची अफू कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, जात असे. त्या वेळीं भाषेचा अडसर खुद्द सरकारनेंच घातलेला होता. फ्लिंट नांवाच्या चिनी जाणणाऱ्या इंग्रजाच्या प्रकरणानंतर, १७५९ पासून, परकीयांस चिनी भाषा शिकविणें हा गुन्हा ठरला, आणि पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनीं कँटनलाच व ठराविक चिनी व्यापाऱ्यांमार्फतच व्यवहार करावा असा निर्बंध बसला. ही व्यवस्था १८४२ च्या नानकिंगच्या तहानें मोडली.

आज तसा प्रतिबंध कोठेंहि नाहीं. ग्वांगचौची सुप्रसिद्ध व्यापारी जत्रा १९५७ सालापासून वर्षांतून दोनदां, वसंत ऋतूंत व शरद ऋतूंत, भरत आली आहे. झेजियांग प्रांतांतील यीवू येथें १९८२ सालीं सुरू झालेला किरकोळ वस्तूंचा बाजार आज जगांतील सर्वांत मोठ्या घाऊक बाजारांत गणला जातो. त्याच प्रांतांत शाओशिंगजवळ कापडाची प्रचंड पेठ आहे, व तेथें भारतीय व्यापारी शेंकड्यांनीं आढळतात. शिकावयास कोणी मना करीत नाहीं. तरीहि आपले बहुतेक प्रवासी पांच शब्दहि न शिकतां जातात, हें मात्र खरें.

सुरांची भाषा

चिनी भाषेचें पहिलें विलक्षण लक्षण म्हणजे सूर. प्रमाण चिनींत प्रत्येक अक्षराला चार सुरांपैकीं एक सूर असतो, आणि सूर बदलला कीं अर्थ बदलतो. 'थांग' हें उंच व सपाट सुरांत म्हटलें तर रस्सा. खालून वर चढवीत म्हटलें तर साखर. व्यापाऱ्यानें तर आणखी एक जोडी ध्यानांत ठेवावी. 'माइ' हा शब्द खालीं उतरून उचलला तर विकत घेणें, आणि वरून झटकन् खालीं पाडला तर विकणें! ज्या भाषेंत घेणें आणि विकणें यांमध्यें एवढेंच अंतर आहे, तेथें तोंडी बोलण्यावर सौदा सोडूं नये, आंकडा कागदावर किंवा कॅल्क्युलेटरवर लिहूनच घ्यावा, हें ओघानेंच आलें.

उच्चारांच्या बाबतींत मात्र मराठी माणूस इंग्रजापेक्षां भाग्यवान आहे. चिनी भाषा रोमन लिपींत लिहितात तेव्हां 'बी' या अक्षराचा उच्चार आपल्या 'प'जवळचा व 'पी'चा 'फ'जवळचा असतो. 'डी' म्हणजे 'त' आणि 'टी' म्हणजे 'थ'. अल्पप्राण व महाप्राण यांचा हा भेद आपल्या मुलांस बाराखडीबरोबरच येतो. शिवाय चिमणींतला 'च' आणि चुलींतला 'च' हे आपण वेगळे बोलतों. चिनींतहि जवळजवळ हेच दोन उच्चार वेगळे आहेत. तेव्हां आपणांस ही भाषा जमणारच नाहीं, ही भीति निराधार समजावी.

दुसरी सोय अशी कीं, चीनमध्यें बोली अनेक असल्या तरी लिपी एक आहे. ग्वांगचौची कँटनी बोली व पेकिंगची प्रमाण भाषा परस्परांस कळत नाहींत, परंतु लिहिलेली पाटी दोघांसहि वाचतां येते. म्हणून उतरण्याच्या जागेचें नांव, कारखान्याचा पत्ता व आपल्या आहाराची सूचना हीं तिन्ही चिनी अक्षरांत छापून खिशांत बाळगावीं. हातांतील फोन भाषांतर करतो हें खरें, पण गूगल व व्हॉट्सॲप तेथें सरळ चालत नाहींत. भाषांतराची सोय निघण्यापूर्वींच फोनमध्यें उतरवून घ्यावी, म्हणजे ती जाळ्यावांचूनहि चालते. पैसे देण्याचा व्यवहारहि तेथें मुख्यतः फोनवरच चालतो. अलीपे व वीचॅट यांना परदेशी कार्ड जोडण्याची मुभा २०२३ पासून पुष्कळ सुलभ झाली आहे.

आंकड्यांतील फसगत

भाषेपेक्षांहि आंकडे अधिक फसवितात, कारण ते कळले असें आपणांस वाटतें. चिनी लोक मोठ्या रकमा हजारांत किंवा लाखांत न मोजतां 'वान'मध्यें मोजतात, आणि वान म्हणजे दहा हजार. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा वान, आपले दहा लाख म्हणजे शंभर वान. मनांतल्या मनांत तीन भाषांची उलटापालट करतांना दुभाष्याचें एक शून्य इकडेतिकडे होणें अगदीं सहज आहे.

सवलतीची पाटीहि अशीच. तीवर आठाचा आंकडा व पुढें 'च' असें उच्चारावयाचें अक्षर असेल तर आठ टक्के सूट समजूं नये. मूळ किंमतीचे दहा भाग करून त्यांपैकीं आठ द्यावयाचे, म्हणजे सूट वीस टक्के. बाजारांत फळांचा वा चहाचा भाव पुष्कळदां 'चिन'ला सांगतात. हा चिन म्हणजे अर्धा किलो. आणि एका हातावर दहापर्यंत मोजण्याची त्यांची पद्धत तर आपणांस पूर्ण अपरिचित आहे. अंगठा व करंगळी ताठ केली कीं सहा. अंगठा व तर्जनी पसरली कीं आपण दोन समजूं, पण तेथें ते आठ. दोन आणि आठ यांमधला फरक हजार डझनांच्या मागणींत केवढा होईल, हें सांगावयास नको.

नकार ओळखणें हीहि एक भाषाच आहे. "आम्ही यावर विचार करूं", किंवा "जरा गैरसोयीचें आहे", असें उत्तर हंसतमुखानें मिळालें कीं तें बहुधा 'नाहीं' असतें. समोरच्याचें तोंड पडूं नये म्हणून स्पष्ट नकार टाळण्याची ही रीत आपल्या घरांतहि अगदींच अपरिचित नाहीं.

'मांस नको' म्हणून भागत नाहीं

आतां आजीचा प्रश्न. शाकाहारी प्रवासी बहुधा एक वाक्य पाठ करून जातो: "मी मांस खात नाहीं." मांस या अर्थाचा चिनी शब्द 'रोउ'. पण नुसता 'रोउ' म्हटला तर रोजच्या बोलण्यांत त्याचा अर्थ डुकराचें मांस असा होतो. मग ऐकणारा भला माणूस डुकराचें मांस वगळतो आणि मोठ्या आपुलकीनें मासा, कोंबडी किंवा सुकी कोळंबी पुढें ठेवतो. भाजी मागवावी तर तीहि कधीं चरबींत परतलेली, कधीं कालवांच्या रसानें किंवा कोंबडीच्या भुकटीनें चविष्ट केलेली असते. यांत कोणी फसविलेलें नसतें. आपण आपल्या कल्पनेचें भाषांतर करतों, पण ती कल्पना त्या शब्दांत मावत नाहीं, एवढेंच.

याच भाषेंत दुसरा एक शब्द आहे: 'सू'. 'वो छ सू', म्हणजे 'मी सू खातों', असें म्हटलें कीं चित्र पालटतें. कारण हा शब्द बौद्ध आचाराचा आहे आणि त्यामागें दीड हजार वर्षांची परंपरा उभी आहे. लिआंग वंशाचा बादशहा वू (राज्यकाल ५०२ ते ५४९) यानें स्वतः मांस सोडलें व भिक्षूंसहि तें वर्ज्य केलें. तेव्हांपासून चिनी मठांत शाकाहार रूढ झाला. गृहस्थ उपासकहि चांद्र महिन्याच्या प्रतिपदेस व पंधराव्या तिथीस 'सू' पाळतात. ज्यांच्या घरीं एकादशी-चतुर्थी पाळली जाते त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. कडक 'सू'मध्यें लसूण, कांदा व त्यांच्या जातीच्या भाज्याहि वर्ज्य असतात, जणूं कायमचा चातुर्मासच! वर्ज्य पदार्थांच्या यादींत हिंगाचीहि गणना होते, हें ऐकून आमच्या गृहिणींस मात्र नवल वाटेल.

म्हणून मोठ्या शहरांत बौद्ध मठांच्या आसपास शाकाहारी खानावळी हमखास शोधाव्या. ग्वांगचौचा सहा वटवृक्षांचा मठ इ. स. ५३७ चा. यीवू व शाओशिंग येथें जाणाऱ्यांस हांगचौ शहर जवळ पडतें. तेथील लिंग्यिन मठ चौथ्या शतकांत हुइली नांवाच्या भारतीय भिक्षूनें स्थापिला अशी परंपरा आहे. शांघायमध्यें 'कुंगतेलिन' हें शाकाहारी भोजनगृह १९२२ पासून प्रसिद्ध आहे. तेथें ताटांत कोंबडी किंवा बदक यांच्या आकाराचा पदार्थ आला तरी दचकूं नये. तो सोयाबीनच्या सायीचा किंवा गव्हाच्या सत्त्वाचा केलेला असतो.

साध्या खानावळींत पदार्थांच्या नांवांवर विसंबूं नये. 'यूश्यांग' वांगीं, म्हणजे शब्दशः माशाच्या वासाचीं वांगीं, यांत मासा नसतो, पण खिमा पुष्कळदां असतो. 'मापो तोउफू'च्या नांवांत मांसाचा उल्लेखहि नाहीं, तरी त्यांत तें बहुधा पडतेंच. उलट वांगें, बटाटा व ढोबळी मिरची यांची 'ती सान श्येन' ही उत्तरेकडील भाजी आपल्या जिभेला सहज रुचते. 'मानथोउ' हा वाफवलेला पांव पोकळ म्हणजे सारणाविना असतो. 'पाओत्स' मात्र भरलेला, म्हणून विचारल्याशिवाय घेऊं नये. भात शेवटीं वाढण्याची चाल असल्यानें 'मीफान' आधींच मागून ठेवावा. दहीं, म्हणजे 'स्वान्नाइ', दुकानोदुकानीं मिळतें. बहुधा गोड असतें, पण साखर न घातलेलेंहि मिळतें, आणि मग परदेशांत दहींभात कालवितां येतो. उकळतें पाणी तर उपाहारगृहांत, स्थानकावर व आगगाडींतहि फुकट मिळतें. घरून नेलेले तयार पोहे व उपमा त्यावर भागतात. अंडें वर्ज्य असेल तर तें निराळें सांगावें.

पंक्तींतील आग्रह

खरी परीक्षा कारखानदाराच्या मेजवानींत होते. गोल मेजावर पंधरावीस पदार्थ येतात, यजमान स्वतःच्या हातानें पाहुण्याच्या ताटांत घांस ठेवतो, आणि तो नाकारला तर चारचौघांत त्याचा मान जातो. आपल्या पंक्तींतील आग्रह ज्यानें अनुभवला आहे त्यास ही अडचण कळेल. उपाय एकच: आदल्या दिवशींच दुभाष्याकडून 'सू'ची सूचना पोंचवावी. आधीं सांगितलेला नियम हा आचार ठरतो. पानावर बसल्यावर काढलेला तोच नियम अपमान ठरतो.

मद्याविषयींहि असाच तयार शब्द आहे. प्याला उंचावून 'कानपेइ', म्हणजे प्याला कोरडा, असें म्हणतात तेव्हां 'ई छा ताइ च्यू', म्हणजे मद्याऐवजीं चहा, एवढें म्हणावें व चहाचा पेला उचलावा. तिसऱ्या शतकांत वू राज्याच्या दरबारांत राजा सुन हाओ आपल्या एका विद्वान् सेवकास मद्याऐवजीं गुपचूप चहा देववीत असे, असें तेथील इतिहासांत नमूद आहे. त्यामुळें या विनंतीस जुनी प्रतिष्ठा आहे. आणखी एक जपावें: जेवणाच्या काड्या भातांत उभ्या रोवूं नयेत. मृतासाठीं उदबत्त्या तशा लावतात. पिंडावर दर्भ पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना यांतील अशुभ लगेच समजेल.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेंत रुग्णांशीं व विद्यार्थ्यांशीं बोलले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच निवर्तले. चिनी लोक त्यांस अजूनहि 'ख तिह्वा' या चिनी नांवानें ओळखतात. वसंत वासुदेव परांजपे १९४७ सालीं पेकिंगच्या विद्यापीठांत गेले व पुढें १९५४ सालीं पंडित नेहरूंच्या चीनभेटींत त्यांनीं दुभाष्याचें काम केलें. आठ दिवसांच्या व्यापारी फेरीस जाणाऱ्यानें एवढी मजल मारावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु डबा भरतांना आजीनें आणखी एक काम अवश्य करावें: नातवास जवळ बसवून 'वो छ सू' हे तीन शब्द सुरासकट त्याच्याकडून घोकून घ्यावे. ज्यानें यजमानाच्या भाषेंत आपला आचार सांगितला, त्याचा आचार पाळावयास यजमान स्वतःच पुढें होतो.