ताटातील काटकसर

नाताळ जवळ आला की सणाची ओढ आणि खर्चाची चिंता पगारदार ख्रिस्ती कुटुंबाच्या दारात एकदमच उभ्या राहतात. मग आयत्या वेळी, ऐपतीबाहेरच्या भेटवस्तू खरेदी केल्या जातात. गोव्यातील परंपरेने या अडचणीवर पूर्वीच तोड काढली होती. घरी केलेल्या गोडधोडाचे ताट शेजारीपाजारी पाठवावयाचे, हीच तेथील भेट. तिला ‘कोंसुआद’ म्हणतात. हे ताट हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते आणि चतुर्थी-दिवाळीला तिकडून फराळ येतो.

नारळ, गूळ, तांदळाचे पीठ हे दोदोलचे साहित्य साधेच. परंतु तो तासन्‌तास ढवळावा लागतो. बेबिंकेचा एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. कुलकुल काट्यावर वळण्यास मुलांचेही हात लागतात. येथे पैशाची जागा श्रमाने घेतली आहे आणि श्रम आयत्या वेळी उसने मिळत नाहीत. तयारी लवकर हवी ती यासाठी.

आज हे सारे पदार्थ बाजारात तयार मिळतात. नोकरी करणाऱ्या गृहिणीने ते विकत घेतले, तर तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल. कारण ढवळण्याचे काम बहुधा तिच्याच वाट्याला आलेले असते. एकीच्या कष्टांवर साधलेली बचत ही काटकसर नव्हे. नोव्हेंबरपासूनचे रविवार साऱ्या घराने वाटून घेतले, तरच ते ताट खऱ्या अर्थाने घरचे होईल.