मोटार उचलून टेकविण्याची रीत

मोटारीचे ब्रेक साफ करणे, तेल बदलणे इत्यादी कामे पुष्कळ शेतकरी हल्ली घरच्या अंगणातच उरकतात. मजुरी वाचते व तालुक्याची खेप टळते, हे खरे. परंतु जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे, हा भेद न कळल्यामुळे माणसे प्राणास मुकतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमचा पुतण्या जीपचे चाक काढून, केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरला होता. पाना आणावयास म्हणून तो बाहेर आला, ओसरीवर पोहोचतो न पोहोचतो तोच जॅकचे बूड ओल्या मातीत कलले आणि जीप धाडकन खाली बसली. पाना जवळ असता तर हा लेख लिहिण्यास आमचा हात धजला नसता.

आमची हयात महसुलाच्या दप्तरात गेली. जमिनीची प्रत पाहून आकार बसवितात. जॅक बसवितानाही तिची प्रत आधी पाहावी. काळी जमीन भार घेत नाही. फरशी किंवा सिमेंटची सपाट जागा उत्तम. ती नसेल तर मुरमाची घट्ट जागा पाहून बाभळीची जाड, रुंद फळी खाली घालावी. उतारावर हे काम करूच नये.

जी चाके जमिनीवर राहावयाची, त्यांना पुढून व मागून उटी लावावी. हातब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच धरतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग सरला. चाक काढावयाचे असल्यास नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत.

जॅक कोठे लावावा हे गाडीबरोबरच्या पुस्तकात दाखविलेले असते. भलत्या जागी लावल्यास पत्रा चेपतो व जॅक निसटतो. तेलाच्या जॅकमधील दाब रबरी वायसर व झडप यांवर अवलंबून असतो. ती झिजली की गाडी हळूहळू, कधी एकदम, खाली येते. म्हणून गाडी उचलताच लोखंडी स्टँडची जोडी सांगाड्याच्या मजबूत भागाखाली सारख्या उंचीवर लावावी, खिट्टी पुरी बसली हे पाहावे आणि जॅक सावकाश उतरवून भार स्टँडवर द्यावा. लहान मोटारदेखील सात-आठ क्विंटल भरते. स्टँडवर लिहिलेली भारक्षमता वाचूनच ते विकत घ्यावेत. विटा व सिमेंटचे ठोकळे मुळीच वापरू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात. काटकसर येथे करावयाची नाही.

खाली शिरण्यापूर्वी बाजूस उभे राहून गाडी हाताने नेटाने हलवून पाहावी. डळमळली तर उतरवून पुन्हा मांडावी. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सारून ठेवावे. मुलांना व जनावरांना दूर ठेवावे, आणि घरातील एका जाणत्या माणसास हाकेच्या अंतरावर बसवावे.

ट्रॅक्टरवाल्यांसही हेच लागू आहे. हायड्रॉलिकवर उचलून धरलेल्या नांगराखाली वाकून फाळ बदलणारे आम्ही नित्य पाहतो. नांगर आधी ठोकळ्यांवर टेकवावा, इंजिन बंद करावे, मग पाना हाती घ्यावा.